ॲरिझोनातली अर्धी टर्म

वैशालीने माझ्या टेबलावर चकल्यांचा डबा ठेवला, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आता नुपूरचं तूच बघायचंस. तिला त्या मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायचीय."

मी म्हटलं, "वैशाली, नुपूरच्या अभ्यासाबद्दल मी तुझ्याशी बोलू शकत नाही. अठरा वर्षांच्या पुढच्या मुलांचं रेकॉर्ड आईवडिलांना सांगायचं नाही, असा कायदा आहे इथे. तिने लेखी परवानगी दिली तरच."

"अगं, मी आई आहे तिची!"

"म्हणूनच."

तिला ते पटलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याच आईला पटत नाही. नोकरीतली निम्मी वर्षं मी हे एकच वाक्य म्हणण्यात घालवली असतील. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "बरं, मला सांगू नकोस. पण लक्ष घाल." चकल्या ठेवून गेली.

ही २००५ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सिॲटलच्या उत्तरेला, बॉथेलजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये मी तेव्हा ट्रान्सफर ॲडव्हायझर होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. येईल त्याला प्रवेश देतात. फी कमी, वर्ग लहान. इथे पहिली दोन वर्षं करायची, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत अर्ज करायचा आणि जागा मिळाली तर थेट तिसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं. कोणते विषय तिकडे चालतील, कोणते फुकट जातील, अर्जात काय लिहायचं, हे मुलांना सांगणं हे माझं काम. आता मी रिटायर झालेय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

अमेरिकन लोकांना कम्युनिटी कॉलेजचं काही वाटत नाही. आपल्या लोकांना वाटतं. रेडमंडच्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीत नवराबायको दोघंही नोकरीला, आणि मुलगी कम्युनिटी कॉलेजात, हे इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी मोठ्याने बोलत नाही. वैशाली सांगायची, "नुपूर सध्या इथेच शिकतेय, सिॲटल साइडला." खोटं काहीच नव्हतं त्यात. ऐकणारा आपोआप युनिव्हर्सिटी समजायचा, आणि ती समजू द्यायची.

आता माझी बाजू. माझी केतकी आणि नुपूर एकाच वर्षीच्या. केतकीने शाळेत काय केलं नव्हतं? व्हायोलिन, डिबेट, शनिवारी गरजूंना धान्य वाटणाऱ्या फूड बँकेत डबे लावणं, वर चांगले मार्क. तिला याच युनिव्हर्सिटीत जायचं होतं. अर्ज केला आणि नकार आला. शेवटी ती डोंगरापलीकडच्या एका लहानशा प्रायव्हेट कॉलेजात गेली. थंडीत घाटात बर्फ पडला की मी टीव्हीवर रस्त्यांच्या बातम्या लावून बसायचे. नुपूर शाळेत असताना पहिल्या तासाला डोकं टेकून झोपायची, हे तिची आईच हसत हसत सांगायची. आणि आता ती नुपूर दोन वर्षांत त्याच युनिव्हर्सिटीच्या आवारात हिंडणार होती.

मला जळजळ झाली. दुसरा शब्द नाही. मी शेकडो आईबापांची समजूत घातली होती की पदवीच्या कागदावर तुम्ही पहिल्या वर्षी आलात की तिसऱ्या, हे लिहीत नाहीत. मुलं रडत आली की हेच सांगायचे आणि ती हसत परत जायची. त्या दिवशी तेच वाक्य माझं मलाच पटेना. लिहीत नाहीत? का नाही लिहीत? लिहायला हवं, असं वाटलं.

नियमाप्रमाणे मी माझ्या बॉसकडे गेले. कॅरल तिचं नाव. वीस वर्षं हेच काम करणारी, बोलायला कोरडी बाई.

"मैत्रिणीची मुलगी आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला दे."

"मुलीनेच तुझं नाव दिलंय," कॅरल म्हणाली. "आधी टिमकडे होती. बदल मागून घेतला तिने. तुला तिच्याविषयी निष्पक्ष राहता येईल का?"

"नाही."

"तिच्यावर प्रेम आहे म्हणून?"

"उलटं आहे."

कॅरलने चष्मा वर केला. "काम नीट करशील?"

"ते करीन."

"मग तूच कर. अर्ज जाण्याआधी मी एकदा वाचीन. प्रेमात असलेल्या ॲडव्हायझरपेक्षा मला ही अडचण परवडते."

नुपूर आली ती वेळेवर. केस वर बांधलेले, हातात कॉफी. ती इंग्रजीतच बोलायची, मी इथे मराठीत लिहिते. फक्त 'मावशी' तेवढं मराठीत. मी तिला सुरुवातीलाच विचारलं, "टिम चांगला माणूस आहे. मग माझ्याकडे कशाला?"

"टिम माझ्या प्रत्येक गोष्टीला 'ग्रेट जॉब' म्हणतो," ती म्हणाली. "मावशी, तुम्हाला माझं काहीच आवडत नाही. लहानपणापासून माहितीय मला. तुम्ही सांगाल ते खरं असेल."

मी तिचं ट्रान्सक्रिप्ट उघडलं. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे आपली मार्कशीट, फक्त सगळ्या टर्मची एकत्र. केमिस्ट्री उत्तम. बायॉलॉजी उत्तम. स्टॅटिस्टिक्ससुद्धा उत्तम. झोपाळू पोरगी कुठे गेली होती कोण जाणे. मी एकेक ओळ वाचत गेले आणि प्रत्येक ओळीला पोटात दुखत गेलं. कुठे तरी काही तरी कमी असेल, म्हणून मी पुन्हा वरून वाचलं. काही नव्हतं.

मग अर्जाचा कच्चा मसुदा. 'याआधी कोणकोणत्या कॉलेजात शिकलात?' असा रकाना असतो. तिने फक्त आमच्या कॉलेजचं नाव लिहिलं होतं.

इथे मी थांबले. नुपूर शाळा संपल्यावर आधी ॲरिझोनाला गेली होती. तिथल्या कॉलेजने तिला स्कॉलरशिप दिली म्हणून वैशालीने घरी केवढी पार्टी केली होती. श्रीखंड, पुरी, घरामागच्या लाकडी डेकवर फुगे, कॉलेजच्या रंगांचा केक. केतकीला नकार येऊन काहीच महिने झाले होते, आणि मी हातात प्लेट धरून "वा वा, छान" म्हणत उभी होते. नंतर ऑक्टोबरात नुपूर परत आली. वैशालीने सगळ्यांना सांगितलं की हवा मानवली नाही, कॉलेज नीट सुरू व्हायच्या आतच घेऊन आलो. मंडळाने ते मान्य केलं आणि विसरूनही गेलं. जानेवारीत ती आमच्या कॉलेजात आली.

मी मात्र विसरले नव्हते. त्याच वर्षी गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, वैशाली माझ्यापुढे उभी होती. मागे वळून म्हणाली, "नुपूर केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टमध्ये वर्गात पहिली आली गं." त्याच दिवशी सकाळी केतकीने कॅल्क्युलस कळत नाही म्हणून फोनवर रडून घेतलं होतं. ते वाक्य मला इतकं लागलं होतं की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी शब्दन् शब्द सांगितला असता. चांगल्या मनाच्या बाईने ते दुसऱ्या दिवशी विसरून टाकलं असतं.

टेस्टमध्ये पहिली आली, म्हणजे टेस्ट झाली. टेस्ट झाली, म्हणजे ती तिथे दाखल होती. आणि दाखल होती, तर त्या टर्मचं रेकॉर्ड कुठे तरी असणारच.

"नुपूर, ॲरिझोनाचं काय?"

"ते धरत नाहीत," ती म्हणाली. "डॅड म्हणाले, मी फायनलला बसलेच नाही, त्यामुळे ते काउंट होत नाही."

"तू कॉलेज सोडतेयस असं ऑफिसात जाऊन कळवलंस? काही सही केलीस?"

"डॅड आले, आम्ही खोली रिकामी केली, गाडीत सामान भरलं. बस."

मला सगळं समजलं. तिचे वडील, श्रीरंग, महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलेले. आपल्याकडे काय असतं? टर्म भरली नाही, परीक्षेचा फॉर्म भरला नाही, तर निकालच नाही. वर्ष गेलं, पण नापासाचा शिक्का नाही. 'ड्रॉप घेतला' म्हणतात आणि विषय संपतो. अमेरिकेत तसं नाही. तुम्ही रीतसर विथड्रॉ केलं नाहीत, म्हणजे नाव काढून घेतलं नाहीत, तर कॉलेजच्या लेखी तुम्ही वर्गातच आहात. फक्त येत नाही आहात. शेवटी प्राध्यापक प्रत्येक विषयात एफ देतात. एफ म्हणजे नापास. ही चूक अमेरिकन बाप करणार नाही. ती आपणच करू शकतो.

मी नुपूरला तिकडचं ट्रान्सक्रिप्ट मागवायला लावलं. पाच विषय, पाचही एफ. केमिस्ट्रीतसुद्धा. ती कागदाकडे बघत राहिली. "पण मी तिथे पहिली आले होते," एवढंच म्हणाली.

मोठी युनिव्हर्सिटी सगळ्या कॉलेजांचे मार्क एकत्र धरते. ते धरले की नुपूरची सरासरी धाडकन खाली येत होती. आणि न दाखवावेत तर? कोण कुठे दाखल होतं याची माहिती कॉलेजं आपसात तपासून घेऊ शकतात. आज नाही तर पुढच्या वर्षी सापडणार. आधीचं कॉलेज लपवलं असेल तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. मग युनिव्हर्सिटीही नाही आणि वर खोटेपणाचा ठपका. तिच्या वर्षभराच्या मेहनतीचं काय होणार, ते या एका रकान्यावर येऊन ठेपलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना गाडीत मला बरं वाटत होतं. वायपर चालू होते, ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी सरकत होता, आणि मी चक्क गुणगुणत होते. श्रीखंडाच्या पार्टीला उत्तर मिळालं होतं. पण दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसल्यावर काम ते काम. कॅरलने स्वतः ॲरिझोनाला फोन केला, मागच्या तारखेने विथड्रॉ करता येईल का विचारलं. ते म्हणाले, त्या वेळी हॉस्पिटलात वगैरे असती तर विचार केला असता, नुसतं घरी जावंसं वाटलं याला आमच्याकडे उपाय नाही.

नुपूरने परवानगीच्या कागदावर सही केली आणि आईवडिलांना बोलावलं. श्रीरंग आला तो तयारीनेच.

"परीक्षेलाच बसली नाही, तर नापास कशी होईल? हे लॉजिकल नाही," तो म्हणाला.

"लॉजिकल नसेल. नियम आहे."

"आपण पाठवायचंच नाही. ते ॲरिझोना, हे वॉशिंग्टन. कोण बघतंय?"

"सापडलं तर ॲडमिशन कॅन्सल होईल. पहिल्या वर्षानंतर झाली तर? मंडळात काय सांगाल?"

मंडळाचं नाव काढल्यावर त्याने वाद सोडला. वैशालीने सोडला नाही. ती इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती, ती माझ्याकडे वळली.

"दुसरा कुणी ॲडव्हायझर असता तर त्याला हे कळलं तरी असतं का?"

"नसतं."

"तुला कसं आठवलं? मलासुद्धा आठवत नव्हतं. तुझ्या केतकीचं झालं नाही, म्हणून तू माझ्या मुलीचं उकरून काढलंस. खरं सांग."

"खरं सांगते. मला तुझ्या मुलीचा हेवा वाटतो. रोज वाटतो. पण ते पाच एफ मी दिलेले नाहीत, वैशाली."

श्रीरंग टेबलावरचं कॅलेंडर बघायला लागला. मग नुपूर म्हणाली, इंग्रजीत, अगदी शांतपणे, "मॉम, स्टॉप. ते एफ माझे आहेत. मी पाठवणार."

वैशाली उठून गेली. पुढचे काही महिने तिने माझ्याशी बोलणं टाकलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही, आणि ते मला कळेल अशी व्यवस्थाही केली.

आता राहिला निबंध. ट्रान्सफरच्या अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो, तुम्ही कोण आणि इथे का यायचंय. सरासरी कमी असली तर वाचणारा माणूस आधी त्याच्याकडे वळतो. नुपूरचा पहिला मसुदा वाचून मी हसले. कुटुंबाच्या जवळ राहण्यासाठी आणि आपली संस्कृती जपण्यासाठी तिने कम्युनिटी कॉलेज निवडलं, असं लिहिलं होतं. भरतनाट्यमवर एक पूर्ण परिच्छेद होता.

"तू भरतनाट्यम कधी सोडलंस?"

"सहावीत."

"मग हे काढ. ॲरिझोनात काय झालं ते लिही."

"काय लिहू? काहीच झालं नाही. मी वर्गात जायचं बंद केलं. सगळ्यांना मित्र मिळाले, मला नाही. मी फोनवर आईला खोटं सांगायचे की सगळं मस्त चाललंय. ती टेस्टची गोष्ट खरी होती. तेवढी एकच."

"हेच लिही."

"हे लाजिरवाणं आहे."

"आहे. पण या निबंधात मला पटलेलं हे पहिलं वाक्य आहे."

तिने लिहिलं, मी खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कुठे रडगाणं दिसलं की काढायला लावलं, कुठे बढाई दिसली की तीही. माझ्या डोक्यात सतत एकच प्रश्न होता, या पोरीला जागा द्यायची नसती तर मी कोणत्या वाक्यावर बोट ठेवलं असतं? ज्या वाक्यावर बोट पडायचं ते बदलायचं. जानेवारी संपता संपता बोट ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मला स्वतःचाच राग आला. ॲरिझोनात ती कशी बुडाली, घरी आल्यावर किती दिवस खोलीतून बाहेर आली नाही, मग आमच्याकडच्या केमिस्ट्रीच्या वर्गात मुद्दाम पहिल्या बाकावर का बसली, सगळं साध्या शब्दांत आलं होतं. कॅरलने वाचलं आणि विचारलं, "हिचा तुला इतका राग आहे?"

"का?"

"एकसुद्धा मऊ वाक्य शिल्लक ठेवलेलं नाहीस."

फेब्रुवारीच्या मुदतीआधी अर्ज गेला. दोन्ही ट्रान्सक्रिप्ट गेली, पाच एफसकट. मी नुपूरला सांगितलं की आशा ठेव, पण दुसऱ्या कॉलेजातही अर्ज कर. तिने केला.

मे महिन्यात ती धावत माझ्या ऑफिसात आली. दारातूनच म्हणाली, "मावशी, आय गॉट इन!" मग टेबलाच्या पलीकडून वाकून तिने मला मिठी मारली. माझ्या हातातला स्टेपलर तिच्या पाठीला टोचला असेल. मी "काँग्रॅच्युलेशन्स" म्हटलं. तो शब्द त्या दिवशी फार लांब वाटला. आनंद झाला, हे खरं. आणि जळजळ तसूभरही कमी झाली नाही, हेही खरं. दोन्ही एका पोटात राहू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

वैशालीचा फोन आला. "झालं एकदाचं," म्हणाली. आभार वगैरे काही नाही. मंडळात तिने सांगितलं की नुपूरला युनिव्हर्सिटीने बोलावून घेतलं. मी शेजारीच बसले होते. मी मान डोलावली.

त्या रविवारी मी केतकीला फोन केला. बातमी कशी सांगावी, कुठून सुरुवात करावी, याची मनात उजळणी केली होती. तिला वाईट वाटेल, मग मी तिची समजूत घालीन, असं धरून चालले होते.

"नुपूरला ॲडमिशन मिळाली," मी म्हटलं. "तिथेच."

"ओह नाइस! गुड फॉर हर," केतकी म्हणाली. मागे कुणी तरी हसत होतं, भांडी वाजत होती. "आई, मी नंतर करू फोन? आम्ही सगळे जेवण बनवतोय."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं?" तिने खरोखर विचारलं. मग म्हणाली, "ओह. ते. आई, तू अजून तिथेच आहेस?"

तिने फोन ठेवला. जिच्या वतीने मी इतकी जळत होते, तिला धगसुद्धा लागलेली नव्हती. तो सगळा हेवा माझा एकटीचाच होता.

पुढे कॉलेजात नवीन ॲडव्हायझर आले की त्यांना शिकवायचं काम कॅरलने माझ्याकडे दिलं. मी त्यांना सांगायचे, मुलांचं भलं जरूर बघा, पण अर्ज जाण्याआधी एकदा त्यांच्यावर जळणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. प्रेमाने वाचणाऱ्याला भोकं दिसत नाहीत. सगळे हसायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. केतकीचा तो अर्ज मीच वाचला होता, आणि मला त्यातलं सगळंच छान वाटलं होतं, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.